मंगळवारच्या बारा बाटल्या

काचेवर टकटक झाली तेव्हा तिच्या एका हातात चिमटा होता, दुसऱ्या हातात केळीचं नखाएवढं रोप... आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

रोपांच्या त्या प्रयोगशाळेतला पहिला नियमच तो. गाळलेल्या हवेच्या झोतापुढे बसायचं, बाटलीतली इवली रोपं कापून नव्या बाटल्यांत लावायची, आणि बोलायचं नाही. बोललं की श्वासाबरोबर जंतू उडतात, आणि आठवड्याभरात बाटलीत पांढरी बुरशी हजर!

काचेपलीकडे नवा एसी मेकॅनिक उभा होता. ओठ हलत होते, ऐकू काही येत नव्हतं. तिच्या टोपी-मास्कमधून फक्त डोळे दिसत होते. ते तिने जमतील तेवढे वटारले. मग त्याने खिशातून जाड पेन काढलं आणि काचेवर लिहिलं. तिच्या बाजूने सगळी अक्षरं उलटी! मान वाकडी करून तिने कसंबसं वाचलं — मेन स्विच बंद करू?

तिने जोरजोरात मान हलवली. दोन्ही पंजे पसरले. दहा मिनिटं!

आधीचा मेकॅनिक न विचारता बटण दाबून मोकळा व्हायचा. हा मात्र हत्यारांच्या पेटीवर मांडी घालून बसला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघत राहिला. बरोबर दहा मिनिटांनी उठला. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही.

पुढच्या मंगळवारी तो फिल्टर बघायला आला, तेव्हा काचेवरचं तिला सरळ वाचता आलं. तो स्वतःच उलटं लिहीत होता!

"कुठे शिकलात हे?" चहाच्या सुट्टीत पायऱ्यांवर तिने विचारलं.

"घरी, आरशापुढे. आईला वाटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला."

"तिचं काय चुकलं?"

"डोळ्यांवरून वाटलं होतं, बाई फार कडक आहेत."

"आणि आता?"

"आता खात्री झाली."

ती हसली. कपातला चहा हिंदकळला.

मग मंगळवार यायचा उशीर, की दोन कप पायऱ्यांवर. एकदा बोलता बोलता त्याने विचारलं, "शिकायला किती वर्षं लागली?"

"जीवशास्त्राची पदवी. तीन. कर्ज काढून."

"आणि फेडायला?"

"अजून सात."

त्याने शीळ घातली. "मी दहावीनंतर वर्षभराचा कोर्स केला. कर्ज एवढंच, कॅन्टीनवाल्या काकांचे दोन चहा."

तो गमतीत बोलला खरा, पण तिला ते लागलं. पगार चौदा हजार, त्यातून साडेपाचचा हप्ता. घरी आई म्हणायची, "पदवी घ्यायला गेलीस आणि गहाण पडून आलीस." बाबा काही म्हणत नसत, ते जामीन होते. महिन्याच्या पाच तारखेला हप्ता गेला की ते सावकाश श्वास सोडत. तो श्वास तिला स्वयंपाकघरातही ऐकू यायचा. तेव्हाच तिने ठरवून टाकलं होतं, हे ओझं डोक्यावर घेऊन कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही.

आणि आता पर्समध्ये एक पत्र होतं. औषध कंपनीचं. बॅग घेऊन डॉक्टरांचे दवाखाने फिरायचे. गाव दुसरं, पगार दुप्पट. कर्ज तीन वर्षांत साफ. रोपं मात्र नाहीत... आणि मंगळवारही नाहीत.

त्या मंगळवारी ती पत्राच्याच विचारात होती. त्याने काचेवर केळीचं झाड काढलं. झाडाला मास्क, डोक्याला टोपी, आणि दोन वटारलेले डोळे! तिला हसू आवरेना. खांदे गदगदले, मास्क नाकावरून घसरला, आणि हसू थेट बाटल्यांवर सांडलं.

आठवड्याने बारा बाटल्यांत बुरशी आली. बाराही बाटल्यांवर तिच्याच अक्षरात त्याच मंगळवारची तारीख.

"तुझ्या बाटल्या?" प्रमुख बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "असं कसं झालं?"

"मी... हसले."

बाईंनी रजिस्टरमध्ये आकडा लिहिला. कारणाचा रकाना कोरा सोडला.

पायऱ्यांवर तिने पत्र त्याच्या हातात दिलं. "एक तारखेला जाते. आता इथे माझं मन ठिकाणावर नसतं."

त्याने पत्र वाचलं. घडी घातली. मग उठला आणि दाराशी टांगलेलं रजिस्टर घेऊन आला.

"हे मी दर आठवड्याला वाचतो. फिल्टर बिघडला की आधी इथेच कळतं. बाकीच्यांच्या शंभरात आठ-दहा बाटल्या जातात. तुमच्या किती?"

"मला काय माहीत!"

"शंभरात दोन. त्या बारा धरून."

तिने रजिस्टरचं पान स्वतःकडे वळवलं.

"पदवीच्या नावावर तुम्ही नुसता हप्ताच मांडलाय," तो हळूच म्हणाला. "हे कुठे मांडलं? जायचं तर खुशाल जा... मला वाईट वाटेल, ते जाऊ दे. पण हिशोब पुरा करून जा."

तिने रजिस्टर छातीशी धरलं आणि तशीच बाईंच्या खोलीत गेली.  आकडे तिच्या बाजूने बोलत होते.

बाईंनी पानं उलटली. बराच वेळ. "नव्या मुलींना शिकवशील? चार हजार वाढवते. याहून जास्त झेपणार नाही." रजिस्टर मिटत म्हणाल्या, "आणि तू विचारलं नसतंस, तर हेही दिलं नसतं."

वाढीतले पावणेदोन हजार हप्त्यात. सातची पाच वर्षं झाली. तीन नव्हेत, पण पाच तारखेला बाबांचा श्वास जरा हलका निघेल. कंपनीचं पत्र तिने फाडलं नाही, नम्रपणे नकार लिहून पाठवला.

पुढच्या मंगळवारी टकटक झाली तेव्हा तिच्या हातात चिमटा होता. त्याने लिहिलं — किती?

तिने पाच बोटं दाखवली.

थांबतो, त्याने लिहिलं. थोडं थबकून खाली — दोघांनी फेडलं तर अडीच.

तिने रोप बाटलीत लावलं. झाकण घट्ट केलं. तारीख घातली. मग हातमोजे काढून काचेपाशी आली, मास्क खाली ओढला आणि थंड काचेवर श्वास सोडला. त्या धुक्यावर तिचं बोट सावकाश फिरू लागलं —

कर्ज माझं, फेडीन मीच. पण लग्नाला पाच वर्षं कोण थांबणार?

अक्षरं वाकडीतिकडी होती. पण पलीकडून त्याला ती सरळ वाचता आली... आठवडाभर तीही घरी आरशापुढे बसत होती.