हातमोजे घालून जपलेली रेकॉर्ड

सव्वादहाला वेंडेल प्रुइटचा फोन आला.

"मार्लीन, रेकॉर्ड गेली."

"गेली म्हणजे?"

"चोरीला गेली. कव्हर आहे, आत काही नाही."

मार्लीन झुपानने ओट्याचा आधार घेतला. मागच्या खोलीत तिची आई आंगेला अंथरुणाला खिळली होती. वय शहाऐंशी, हृदय थकलेलं. सकाळीच नर्स यव्होनने हळू आवाजात सांगितलं होतं, आजचा दिवस आहे, उद्याचं सांगता येत नाही. आणि आई तीन दिवस एकच विचारत होती, "रूडी आला का?"

रूडी म्हणजे मार्लीनचा भाऊ. छत्तीस वर्षांपूर्वी, एकविसाव्या वर्षी गेला. स्लॅग काउंटी नावाच्या बँडमध्ये गायचा. गायचा म्हणजे गळा फाडून ओरडायचा. दीड मिनिटाचं गाणं, तीन गिटारी, एक ड्रम. याच घराच्या तळघरात त्यांनी दोन गाणी टेप केली, रेकॉर्ड छापून घेतली, आणि विकायला निघाले त्याच रात्री व्हॅन उलटून पेटली. रूडी गेला, टेप गेली, रेकॉर्डची खोकी गेली. उरली एकच प्रत. ती व्हॅन निघण्याआधी रूडीच्या हातून वेंडेल प्रुइटने घेतली होती.

टेप करताना बटण दाबायला मार्लीन होती. दुसरं गाणं संपताना आईने वरून हाक मारली, रूडीने ओ दिली, आणि तेही टेपवर आलं. रूडी म्हणाला, राहू दे, तेच सगळ्यात भारी आहे. त्याचा आवाज जगात आणखी कुठेच नव्हता. आज बारा वाजता वेंडेल ती रेकॉर्ड घेऊन येणार होता. मार्लीनने आईला तसा शब्द दिला होता.

यव्होन दारात आली. "तोवर एखादी पोल्का लावू का? त्यांच्या आवडत्या नाचाच्या रेकॉर्ड खूप आहेत इथे. ही वरची?"

"ती नको. ती खराब आहे, नुसता गोंगाट. रूडीने रेकॉर्डच्या कारखान्यातून आईसाठी आणली होती. आईने लावली आणि घाबरून बंद केली." मार्लीनने कोट चढवला. "त्याची शेवटची भेट, म्हणून ठेवलीय. दुसरी कुठलीही लावा. मी आलेच."

वेंडेलचं घर सरोवराच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. रेकॉर्ड जमवणाऱ्यांची जातच वेगळी. पण वेंडेल त्यातही शिरोमणी. जेवायच्या टेबलावर रेकॉर्ड, न्हाणीघराबाहेर रेकॉर्ड, आणि जेवायला मात्र उभ्या उभ्या सँडविच. ऐंशीच्या दशकातले असले बँड त्याला पाठ होते, जे त्यांच्या शेजाऱ्यांनाही माहीत नव्हते. स्लॅग काउंटीची रेकॉर्ड तर त्याने कधी वाजवलीच नव्हती. पिनेने ओरखडा येईल म्हणून. पांढरे हातमोजे घालून वर्षातून एकदा बघायची आणि परत ठेवायची.

मार्लीनने तीस वर्षं विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासले होते. खोट्या आगी आणि खोट्या चोऱ्या तिने ढिगाने पाहिल्या होत्या. तिने आधी दार पाहिलं. कुलूप शाबूत.

"शेवटची कधी पाहिलीस?"

"काल संध्याकाळी."

"आज सकाळी?"

"नऊला बँकेत गेलो. आलो तर ही अशी."

कव्हर टेबलावर होतं. झेरॉक्स काढून हाताने दुमडलेला कागद, त्यावर रूडीचंच वेडंवाकडं अक्षर. बाहेर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्या तोंडाला चिकटपट्टी, कडेला कड जुळवून लावलेली.

"ही पट्टी तू लावलीस?"

"नाही. अशीच होती."

"आज प्लेअर लावला होतास?"

"आठवडाभर हात लावला नाही."

मार्लीन बोलत बोलत प्लेअरजवळ गेली. शेजारी जुना, काचेच्या नळ्यांचा ॲम्प्लिफायर. तिने त्याच्या पाठीवर सहज हात ठेवला. ऊब होती.

"कोणावर संशय?"

"कर्बीवर. दुसरं कोण? दहा वर्षं मागे लागलाय."

कर्बी रेकॉर्डचा व्यापारी. मार्लीनने तिथूनच त्याला फोन लावला. तो चिडला नाही, हसलाही नाही.

"कव्हर ठेवून गेला? मग तो आमच्यातला नाही, बाई. त्या कव्हराशिवाय रेकॉर्ड कोणी खरी मानत नाही. मी चोरली असती तर ती प्लॅस्टिकची पिशवीसुद्धा सोडली नसती."

ती जिना उतरून खाली गेली. खाली घरमालकीण मिसेस हाल्वर्सन राहायच्या, ऐंशीच्या पुढच्या, कान मात्र तिखट.

"आज सकाळी वर कोणी आलं होतं?"

"कोणी नाही. पण एक नवल झालं हो. दहाच्या सुमारास वरून ॲकॉर्डियन ऐकू आलं. छान पोल्का. बावीस वर्षं मी त्याची आरडाओरड ऐकतेय, म्हटलं सुधारला वाटतं. दोनदा वाजवलं."

"दोनदा?"

"दोनदा. मग काहीतरी आपटल्याचा आवाज."

मार्लीन वर आली तेव्हा अकरा वाजून गेले होते. यव्होनचा निरोप आला होता: श्वास बदललाय, लवकर या. ती वेंडेलसमोर खुर्ची ओढून बसली.

"चोर कव्हर सोडत नाही. पिशवीला नीट चिकटपट्टी लावत बसत नाही. तुझा ॲम्प्लिफायर गरम आहे. आणि पोल्काची एकही रेकॉर्ड नसलेल्या या घरात आज सकाळी पोल्का वाजली. चोरी झालीच नाही, वेंडेल. तू आज पहिल्यांदा ती रेकॉर्ड वाजवलीस."

वेंडेल उठला, गादीखाली हात घातला आणि रेकॉर्ड काढली. मधलं लेबल स्लॅग काउंटीचंच होतं.

"तुझ्या आईसमोर रेकॉर्ड अडखळू नये म्हणून तपासायला लावली," तो म्हणाला. "छत्तीस वर्षं, मार्लीन. जगभरच्या लोकांना सांगत आलो, माझ्याकडे आहे. चोरी झाली म्हटलं असतं तर हळहळले असते. आत पोल्का निघाली हे कळलं असतं तर हसले असते."

"माझी आई मरतेय, आणि तुला लोकांच्या हसण्याची पडलीय?"

"लाज वाटली गं. नुसती लाज वाटली."

त्याला मारावं असं तिला वाटलं. तेवढंही बळ उरलं नव्हतं. म्हणजे रूडीचा आवाज छत्तीस वर्षं कुठेच नव्हता, आणि ती आईसमोर रिकाम्या हाताने जाणार होती. तिने प्लेअरकडे बोट केलं. "लाव."

पोल्का सुरू झाली. पहिल्या चार सुरांतच तिने मान वर केली. ओब्लाक बंधूंची 'लाल ओढणी'. चर्चच्या हॉलमध्ये आई ज्यावर नाचायची, ती.

"वेंडेल, कारखान्यात रेकॉर्ड छापताना लेबलं कधी लावतात?"

"दाबतानाच. यंत्राशेजारी लेबलांची चळत ठेवलेली असते."

"शेजारच्या यंत्रावर दुसरी रेकॉर्ड निघत असेल, आणि चळती बदलल्या तर?"

"तर रूडीच्या लेबलावर पोल्का येईल." तो थांबला. "आणि पोल्काच्या लेबलावर..."

"'लाल ओढणी' आमच्या घरी आहे. रूडी खोकी आणायला गेला त्याच दिवशी, त्याच कारखान्यातून त्याने आणलेली. आई म्हणाली खराब आहे, नुसता गोंगाट. मी दर शनिवारी तिच्यावरची धूळ पुसते." ती दाराकडे निघाली होती. "आज सकाळी यव्होनने हातात घेतली होती, तर मीच नको म्हटलं."

वेंडेलने आपला चांगला प्लेअर उचलला आणि तिच्या मागोमाग धावला. हातमोजे टेबलावरच राहिले.

आईचे डोळे मिटलेले होते. दोन श्वासांमधलं अंतर मार्लीन मोजत होती आणि मोजायला घाबरत होती. वेंडेलने 'लाल ओढणी'चं लेबल असलेली रेकॉर्ड उघड्या बोटांनी धरली, दुसरी बाजू वर केली, पिन टेकवली.

खरखर. मग गिटारी एकदम अंगावर आल्या. आणि त्यांच्यावरून रूडी, ओरडणारा, बेभान, जिवंत. यव्होन दचकून मागे सरली. वेंडेल भिंतीला टेकून रडत होता. दीड मिनिटाने गिटारी थांबल्या. जिन्यावरून एका बाईचा खणखणीत आवाज आला.

"रूडी, सूप गार होतंय."

"आलो गं, आई," धापा टाकत, हसत.

आंगेलाने डोळे उघडले.

"केव्हापासून आलो म्हणतोय," ती पुटपुटली. "वाढ गं त्याला, मार्ली."

वेंडेलने पिन पुन्हा सुरुवातीला नेली. मार्लीन स्वयंपाकघरात गेली. कालचं सूप तिने गरम केलं, वाडग्यात वाढलं, आणि आईला दिसेल असं टेबलावर ठेवलं.