झाळलेलं दार

पत्रेकाकांच्या नातीचं लग्न झालं, त्याच वर्षी इतिहास केंद्रानं पाडलेली गल्ली पुन्हा उभी करायला घेतली. खरी नव्हे, टेबलावरची.

त्या वर्षात केंद्रानं काय केलं नाही? म्हाताऱ्यांचे आवाज टिपून ठेवले. जुन्या फोटोंतली माणसं ओळखायला गाव गोळा केला. रस्ता रुंद करताना गेलेल्या घरांच्या जागा लोकांना पायी हिंडवून दाखवल्या. केंद्र चालवणारी ताई खुर्च्यासुद्धा स्वतः मांडायची. गल्लीसाठी तिचा नियम एकच: ज्याचं घर, त्यानंच ते आपल्या हातानं करायचं.

पत्रेकाकांनी जन्मभर डबे, नरसाळी केली. त्यांनी घरही पत्र्याचंच केलं. हिरवं दार, वर खिडकी. आणि हाताच्या सवयीनं सगळे सांधे वितळलेल्या कथलानं झाळून बंद करून टाकले, दारासकट.

"घर केलंय की तेलाचा डबा?" म्हातारा पोस्टमन म्हणाला. "पाणी भरून बघता का, काका?"

काकाही हसले. गळका सांधा त्यांच्या हातून कधी गेलाच नव्हता.

घरी काकू वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या. उगाच जीव तुटायचा, म्हणून या गल्लीचं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घर टेबलावर ठेवल्याच्या दुसऱ्या दिवशी औषध घेताना त्या म्हणाल्या, "अहो, आपलं दार उघडत नाही."

"कुठलं दार?"

"हिरवं. किती वेळ उभी होते. शेजारीण म्हणाली, माझ्याकडे टेक. पण दुसऱ्याकडे किती बसायचं?"

शेजारीण रस्ता होण्याआधीच वारली होती. वय बोलतंय, असं काकांनी मनाशी म्हटलं. मग ओल्या फडक्यानं काकूंचे हात पुसायला घेतले, तर नखांत हिरवा रंग.

ते केंद्रात गेले. गल्लीवर काच होती. काचेखाली दारावर बारीक ओरखडे.

ताईनं ऐकून घेतलं. हसली नाही. "दार सोडवायचं का, काका?"

काका घरी निघाले. दार बंद होतं तोवर काकू माघारी येत होत्या. आत गेल्यावर कशाला येतील?

त्यांनी दिवस ढकलले. काकू सुकत चालल्या. "पाय दुखतात हो," एवढंच म्हणायच्या. वर्षभर जमिनीला न टेकलेल्या त्या तळव्यांना धूळ लागलेली असायची.

शेवटी एका मंगळवारी काका हत्यारं घेऊन केंद्रात आले. ताईनं काच उचलून धरली. काकांनी कथील वितळवलं, बिजागरी बसवली, दार किलकिलं ठेवलं. कडी लावली नाही. आतही नाही, बाहेरही नाही.

घरी आले तेव्हा काकू डोळे मिटून पडल्या होत्या. चेहरा निवांत.

"आलात?" त्या म्हणाल्या. "या आत."

गल्ली अजून केंद्रात आहे. मुद्दाम जाऊन बघावी अशी आहे. काका रोज जायचे, काच सरकवून दार बोटानं ढकलायचे. ते आतून लागलेलं असायचं.

एका सकाळी ताई काच पुसत होती, तर दार सताड उघडं.

काकू वारल्या त्या मंगळवारी, दिवेलागणीला. काका गेले पुढच्या वर्षी, नातीला मुलगी झाली त्या आठवड्यात, ताई काच पुसत होती त्या सकाळी.