बोगद्यातला चौथा सेट

यातला एक शब्दही मी रचलेला नाही. रचता आला असता, तर शेवट तरी बदलला असता.

मे १९९५. केजच्या पुढचा एक साखर कारखाना, नाव सांगत नाही. वेळ भर दुपारची, तीनची. भुतं रात्रीच निघतात म्हणणाऱ्यांनी हे जरूर वाचावं.

गाळप संपून दहा दिवस झाले होते. बॉयलरचा धूर जमिनीखालून धुराड्याकडे नेणारा विटांचा बोगदा होता. त्याला कुठेतरी तडा गेला होता. तो शोधायला फिटर सुग्रीव आत उतरणार होता.

मी योगीराज, तिथला ड्राफ्ट्समन. बोगद्याचा नकाशा मलाच काय तो नीट कळायचा. मी ऑफिसात नकाशा पसरून बसायचं आणि वायरलेसवरून त्याला वाट सांगायची, असं ठरलं.

वाट चुकून चालणार नव्हतं. मध्येच दोन फाटे होते. उजवा धुराड्याकडे. डावा राखेच्या खड्ड्यात.

चिपाडाची राख वरून गार दिसते. खाली पंधरा-पंधरा दिवस निखारा असतो.

वायरलेसचे सेट तीनच. एक माझ्याकडे, एक सुग्रीवकडे, एक गेटवर वॉचमन राधाकिशनकडे. तिघांत मिळून चॅनेल एकच. त्यात एका वेळी एकाचाच आवाज मावायचा. सुग्रीव बोलत राहिला, तर माझं सांगणं त्याच्यापर्यंत पोचणार नाही, ही मला भीती.

"तू बोलूच नको," मी म्हटलं. "नुसतं बटण दाब. एकदा 'टक' म्हणजे समजलं. दोनदा म्हणजे थांबा."

"बरं साहेब. पर मला मधीच सोडू नका."

अतिशहाणा त्याचा बैल रिकामा. त्याचं तोंड मीच बंद केलं.

तो उतरला.

"सरळ वीस पावलं."

टक.

"उजव्या भिंतीला हात ठेव."

टक.

"आता फाटा येईल. उजवीकडे वळ."

काहीच नाही...

"सुग्रीव, उजवीकडे. ऐकलंस?"

टक... टक.

थांबा म्हणाला, म्हणून थांबलो. सेटमधली खरखरही बंद झाली होती. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

मग... टक.

थोड्या वेळाने पुन्हा... टक.

मी तर काहीच विचारत नव्हतो.

हा उत्तर कुणाला देतोय?

मी बटण दाबून ओरडलो, "सुग्रीव, थांब! मागं फिर!"

बटण सोडलं. पहिल्यांदाच त्याचा आवाज आला. अगदी खुशीतला.

"आलो साहेब, आलो..."

पुढे सेट गप्प झाला.

आम्ही त्याला राखेच्या खड्ड्यातून बाहेर काढलं, तेव्हा तो कमरेपर्यंत भाजला होता. राधाकिशन गेटवरून धावत आला आणि सगळ्यांसमोर माझ्यावर तुटून पडला. "डावीकडं कावून बोलावलं त्याला? मी ऐकलं ना! डावीकडं ये, ये, तुमीच म्हनत होते!"

त्या वेळी मी बटणाला बोटही लावलं नव्हतं.

वायरलेसचा इंजिनिअर म्हणाला, एका चॅनेलवर दोघं बोलले तर जवळचा सेट लांबच्याला दाबतो. बोगद्यात चौथा सेट असणार. लोकांनी दोन दिवस शोधला. नुसती राख निघाली.

त्याच दिवशी संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो होतो. सुग्रीवची बायको वत्सलाबाई उशाशी उभी होती. तो वाचणार नाही, हे डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं होतं. मी रडायलाच लागलो. "सुग्रीव, मी तुला डावीकडे नाही रे बोलावलं..."

तो उलट मलाच धीर द्यायला लागला.

"रडू नका साहेब. तुमी बत्ती घिऊन म्होरंच होता की. इचारनार होतो, तुमी कवा उतरलात? पर बोलू नको म्हनलात, म्हनून गप ऱ्हायलो."

त्याला धाप लागली. माझ्याकडे बघत त्याने विचारलं,

"राखंत तर तुमी माज्या आदी गेलतात, साहेब. तुमी कसं निघालात तितून?"

उजाडायच्या आत तो गेला.

पण त्याने विचारलं, तेव्हा मी वर बघितलं होतं. वत्सलाबाई माझ्या तोंडाकडे बघतच नव्हती.

ती माझ्या पायांकडे बघत होती.

आणि खाली बघायचा मला धीर होत नव्हता.