रिकाम्या सीटचा पट्टा

वायरिंगला उंदीर लागलेत म्हणे! अरे, उंदीर तुझ्या डोक्याला लागलेत! माझा मेहुणा म्हणतो हे, भंगारवाले भाऊ. त्यानंच ही जुनी व्हॅन माझ्या गळ्यात मारली. समोर असता तर कानफटात दिली असती. तुम्ही जरा टेका. आधी ऐका, मग गाडीला हात लावा.

सुरुवातीला एवढंच व्हायचं. मी एकटाच चालवत असायचो आणि शेजारच्या सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी कोकलायची. पीप, पीप, पीप. सीटवर कुणी नाही, साधी पिशवीसुद्धा नाही. शाळेला सोडताना लेक तिथं बसायची, पट्टा लावायची, तरी थांबायचं नाही. ‘बाबा, सीट ओली लागते,’ म्हणायची. मी हात लावला. ओली, आणि वर गरम. कुणी घामट माणूस आत्ताच उठून गेल्यासारखी. आणि वास? किडक्या दातांचं तोंड कुणी नाकाशी आणून उघडावं, तसा. शी!

वायरमनला बोलावलं. त्यानं फ्यूज काढला. पीप, पीप. मग बॅटरीच उतरवून बाजूला ठेवली. ‘आता बोंबल म्हणावं!’ गाडी गप्प. आम्ही दोघं हसलो. तो सीटच्या खाली हात घालून वायर चाचपायला लागला, आणि... पीप.

त्यानं हात ओढून काढला. कोपरापर्यंत पिवळं, चिकट पाणी. बोटांना पांढरे केस गुंडाळलेले. लांब लांब. गडी तिथंच ओकला. हत्यारं टाकून गेला, ती बघा, अजून तशीच पडलीत.

मी सीट फाडली, स्पंज उपटला, फेकला अंगणात. तेव्हापासून गाडी गप्प. म्हटलं, सुटलो एकदाचं.

आज दुपारी लेकीला कणकण होती. ती गादीवर आडवी झाली, आणि तिकडं शेडमध्ये, बॅटरी नसलेल्या गाडीत... पीप, पीप, पीप. तिनं कूस बदलली की आणखी जोरात.

बायकोला विचारलं, ‘अंगणातला स्पंज कुठंय?’

‘एवढा चांगला स्पंज फेकतात का कुणी? धुतला, वाळवला, पोरीच्या गादीत भरला. पार बसली होती गादी.’

बसली होती! तिला काय बोललो ते तुम्हाला सांगत नाही. धावत जाऊन पोरीला उचललं. तिची पाठ... सगळी चिकट. झग्याला पांढरे केस. तशीच नळाखाली नेली. ती बघा, नळापाशी तिची आई अजून पाठ घासतेय. वास जात नाही.

म्हणजे पोरगी बाहेर. बायको बाहेर. मी इथं तुमच्यासमोर. घरात कुणी नाही, कडी मी स्वतः घातलीय.

आता जरा गप्प बसा... शेडकडं कान द्या...

येतंय ना ऐकू?

गाडीचं नंतर बघू. आधी आत जा आणि ती गादी बाहेर काढा.