दोषगणकाचे प्रश्न

वादळवळण केंद्राच्या प्रयोगशाळेत चौकशी समितीचे तीन तज्ज्ञ बसले होते, आणि दोष रिव्का अष्टमकरचाच याबद्दल तिघांचीही बालंबाल खात्री होती. तज्ज्ञ म्हटल्यावर खात्री ही आलीच.

मागच्या वर्षी चक्रीवादळ खोल समुद्राकडे वळावं म्हणून केंद्रप्रमुख रिव्काने ढगांत मिठाची भुकटी सोडायचा हुकूम दिला होता. वादळ वळलं, पण थेट रेवदंड्यावर आलं. तिचा थोरला भाऊ शालोम होडीसकट गेला. तेव्हापासून, अकरा महिने, तिने वहिनीला तोंड दाखवलं नव्हतं. आज दोष ठरला तर ते कधीच दाखवता येणार नव्हतं.

"दोषगणकाचं काम सरळ आहे," समितीचे अध्यक्ष डॉ. उपासनी म्हणाले. "तुमचा हुकूम वगळून तो तेच वादळ पुन्हा घडवून बघतो. ते दुसरीकडे गेलं, तर दोष तुमचा. माहिती कमी पडली तर तो अंदाज बांधत नाही, आम्हाला विचारतो. उत्तर द्यायचं, नाहीतर 'माहीत नाही' असं लिहून सही करायची. पण बाई, वादळ उगाच कुणाच्या दारात येत नाही. तुमचं काहीतरी चुकलं असणारच."

"मलाही तसंच वाटतं," रिव्का म्हणाली.

यंत्र सुरू झालं. पडद्यावर प्रश्न उमटला: त्या पहाटे कोणत्या लाटेतून किती वाफ निघाली? उपासनींनी सही केली. वाळवंटातली धूळ कोणकोणत्या ढगांत शिरली? सही. पाखरांचे थवे किती उंचीवरून गेले? सही. एकेका प्रश्नाच्या पोटातून दहा प्रश्न निघत होते. तीस वर्षांत एकदाही 'माहीत नाही' न म्हटलेल्या गृहस्थांचा हात दुपारपर्यंत भरून आला.

"अजून किती?" त्यांनी वैतागून विचारलं. पडद्यावर आकडा आला. त्यातली शून्यं मोजायचा नाद त्यांनी लगेच सोडला.

रिव्काला एकदम हसू फुटलं, आणि रडूही.

"आमच्या जुन्या हिब्रू काव्यात एक भला माणूस आहे. सगळं गमावून बसलेला. तीन मित्र येऊन त्यालाच पटवत राहतात, की तुझंच चुकलं असणार. शेवटी वादळातून देव बोलतो. पण उत्तर देत नाही, नुसते प्रश्न विचारतो."

"मग?"

"मग तो माणूस गप्प होतो. मला वाटायचं, घाबरून. घाबरून नाही हो. सुटला बिचारा."

उपासनींनी निकाल लिहिला: दोष ठरवता येत नाही, पुढेही येणार नाही. मग म्हणाले, "तुम्ही निर्दोष आहात, असंही मी म्हणत नाही."

"नका म्हणू. एवढंच पुरे आहे मला."

बाहेर येऊन तिने वहिनीला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगितलं. वहिनीने ते ऐकून घेतलं.

"वादळाचं काय ते तुझं यंत्र बघून घेईल," ती शेवटी म्हणाली. "पण अकरा महिने तू माझ्याकडे फिरकली नाहीस, हा दोष तुझाच. त्याला यंत्र नको."

"कबूल," रिव्का म्हणाली, आणि कितीतरी महिन्यांनी तिला पोटभर श्वास घेता आला.