विसाव्याची नोंद

शांतता लांबत चालली होती आणि दालन तीही मोजत होते. मोजणे हेच त्याचे काम. धैर्यशील मगदूम यांचा हात काळ्या पाषाणाच्या भिंतीवर टेकलेला होता. खरे तर तो पाषाण नव्हताच, पाषाणाचा गारवा आणि खरखर अंगावर वागवणारे एक मऊ पटल होते. त्यांच्या पत्नी वैजयंता खिडकीपाशी उभ्या होत्या. वास्तुरचनाकार ऋता देवस्थळी हिने नुकतेच एक वाक्य उच्चारले होते आणि आता ते परत घेण्याची सोय नव्हती.

"ही नोंद तुमची नाही, साहेब. वहिनींची आहे."

ऋताच्या कोल्हापुरातल्या या कार्यशाळेला लोक 'विसावा-दालन' म्हणत. घर बांधण्याआधी माणसाने त्यात राहून पाहावे, यासाठी ते होते. भिंती सरकत, छत उचलले जाई, उजेड कलता होई, पावलांचा आवाज घुमे किंवा विरून जाई. राजवाडी घुमट, काचेचा बंगला, पांढऱ्या खांबांची हवेली. एकामागून एक शैली माणसाभोवती उभी राही आणि जमिनीखालचे संवेदक त्याचा श्वास, नाडी, टाचांवरचा भार टिपत. मग त्या नोंदींवरून दालन स्वतःच एक घर घडवी. शंभरपैकी जो आकडा निघे तो विसावा-अंक. डोळ्यांना भावते ती शैली पाहुण्यांसाठी असते, अंगाला मानवते ती राहण्यासाठी, असे ऋता ठामपणे सांगे. आणि आजवर तिचे एकही घर परत विकायला निघाले नव्हते.

दोन आठवड्यांपूर्वी मगदूम पतिपत्नी प्रथम आले तेव्हा धैर्यशीलराव उंबऱ्याशीच थबकले होते. "थांबा मॅडम. घर म्हटलं की लक्ष्मी आधी," म्हणत त्यांनी पत्नीला पुढे केले. वैजयंतावहिनींनी उजवे पाऊल आत टाकले, मागून ते. ऋताला ते पाहून बरे वाटले. दालनाला मात्र रीतिरिवाज कळत नाहीत. पहिले पाऊल ज्याचे, तो मुख्य रहिवासी, आणि त्याचाच श्वास धरून पुढची सारी रचना. हा नियम ऋतानेच घातला होता. त्या क्षणी तो तिला आठवला नाही, एवढीच तिची चूक.

त्या दिवशी दालनाने घडवलेले घर कोणत्याच शैलीत बसत नव्हते. लांबट, ठेंगणे, काळ्या पाषाणाचे; छत हाताला लागेल असे; आणि खिडकीची चौकट जमिनीपासून अवघी हातभर वर. ओतकामाच्या तीन कारखान्यांच्या मालकाने पन्हाळ्याच्या उतारावर, चार एकरांत बांधायचे घर! धैर्यशीलरावांचा चेहरा पडला. पण दोन दिवसांनी त्यांचाच फोन आला. "मॅडम, पटलं बघा. माणूस कितीबी मोठा झाला तरी अंग मातीलाच ओळखतं." तेव्हापासून ते शहरभर सांगत होते, माझ्या अंगाने साधेपणा निवडला. उद्योजकांच्या सभेत त्यावर भाषणही झाले.

आज सकाळी, पाषाण कापणाऱ्यांकडे आराखडे धाडण्यापूर्वी, ऋताने नोंदीतला एक रकाना तपासला. वर मुख्य रहिवासी म्हणून तिनेच भरलेले धैर्यशीलरावांचे नाव, आणि खाली टाचांवरचा भार: बावन्न किलो. धैर्यशीलराव पंच्याण्णवच्या आत नसावेत. आराखडे तसेच धाडता आले असते. कुणालाही न कळता वहिनींना त्यांचे घर मिळाले असते. पण त्या 'कुणालाही'मध्ये वहिनी स्वतःही होत्या. आपल्या अंगाने काय मागितले हे त्यांना कधीच कळले नसते. ऋताने फोन उचलून दोघांना बोलावून घेतले होते.

अखेर धैर्यशीलराव हसले. ते हसू ओठांच्या पुढे गेले नाही. "म्हणजे दोन आठवडे मी बायकोच्या श्वासावर भाषणं ठोकत फिरतोय?"

"भाषण झकास होतं की," वैजयंतावहिनी म्हणाल्या. "टाळ्या मीपण वाजवल्या."

"तू गप गं जरा. मॅडम, माझी नोंद घ्या. आत्ताच्या आत्ता."

ऋताने दालन कोरे केले आणि त्यांना एकट्यालाच आत सोडले. काचेपलीकडून दोघी पाहत होत्या. घुमट उभा राहिला आणि अंक चढत गेला: सत्तर, ब्याऐंशी, एक्क्याण्णव. घुमट ही त्यांची मिरवण्याची हौस असेल, असे ऋताने गृहीत धरले होते. पण त्या उंचीखाली त्यांचे खांदे सैल झाले, श्वास पार खोलवर उतरला. भट्टीच्या आचेत आयुष्य काढलेल्या छातीला डोक्यावर आभाळाएवढी जागा खरोखरच हवी होती. वहिनींचा घुमटाखालचा अंक चौतीस होता. मग ठेंगणे घर उभे राहिले: तिथे वहिनींचा अठ्ठ्याऐंशी होता, साहेबांचा एक्केचाळीसवरच अडकला.

"मधलं काहीतरी काढा की," बाहेर येत ते म्हणाले.

"तुम्ही आत असतानाच काढून पाहिलं. दोन्ही नोंदी मिसळल्या की दोघांचाही अंक पन्नासच्या खाली जातो. ते घर कुणालाच मानवत नाही. जागा भरपूर आहे, दोन घरं बांधता येतील."

"नवराबायकोची दोन घरं? काडीमोड झाला म्हणून गावभर बोंब होईल."

ऋता दालनाकडे वळली. तिने ठेंगणे घर पुन्हा उभे केले. या वेळी वहिनींना मुद्दामच आधी आत जायला सांगितले. धैर्यशीलराव वाकून मागोमाग आले आणि खिडकीकडे पाहत राहिले. "काय आहे गं एवढं हिच्यात?"

वैजयंतावहिनी सरळ जमिनीवर बसल्या. चौकट बरोबर त्यांच्या नजरेच्या रेषेत आली. "आपली पहिली शेड आठवते? मी कोअर करायची तिथं." ओतीव लोखंड आतून पोकळ राहावे म्हणून साच्यात ठेवायचे ते वाळूचे गाभे. "भिंतीचा पत्रा खालून गंजून फाटलेला. हातात वाळू, समोर ओढा. दुपारचे दोन तास कुणी हाक मारायचं नाही मला."

"त्या धुळीत तुला विसावा मिळायचा?"

"मला तरी कुठं माहीत होतं? आजवर कुणी विचारलं नव्हतं. मॅडमनी अंगाला विचारलं, अंगानं सांगून टाकलं."

धैर्यशीलरावांनी भिंतीवरून हात फिरवला. कारखान्यातले मोठे निर्णय ते असेच घेत असावेत, झटक्यात आणि मागे न पाहता. "ठरलं," ते म्हणाले. "हेच घर बांधायचं. घुमट राहिला."

ऋता आराखडे उचलायला वळली.

"फक्त एक करा मॅडम. नोंद आहे तशीच राहू दे. मुख्य रहिवासी म्हणून माझंच नाव. सगळ्यांना सांगून बसलोय. आता बायकोचं निघालं म्हटलं तर हसतील मला."

"खोटी नोंद माझ्या सहीनं जाणार नाही, साहेब," ऋता म्हणाली. "नाव बदलायचं की नाही, हे विचारायचंच झालं तर मी वहिनींना विचारीन."

दोघेही त्यांच्याकडे पाहू लागले. वैजयंतावहिनी चौकटीचा आधार घेऊन सावकाश उठल्या. "लोक घर बघायला येतील," त्या म्हणाल्या. "खिडकी एवढी खाली कशी, म्हणून विचारतील. तेव्हा तुम्ही कुणाचा ओढा सांगणार?"

"सांगीन काहीतरी. अगं, घर तर तुझंच होतंय ना? मग नाव कुणाचं, यानं काय बिघडतं?"

प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता. ऋताला ते स्पष्ट दिसले, आणि त्यामुळेच तो अधिक अवघड झाला. वैजयंतावहिनींनी नवऱ्याकडे पाहिले, अनोळखी लिपीतल्या पाटीकडे पाहावे तसे, क्षणभर. मग पदर खांद्यावर नीट घेतला आणि त्या दाराबाहेर चालत्या झाल्या.

मुख्य रहिवाशाचा श्वास दालनाला सापडेना; ते मागे उरलेल्या धैर्यशीलरावांचा श्वास धरू लागले. छत हळूहळू वर सरकू लागले, आणि खिडकी भिंतीवरून चढत चढत बसलेल्या माणसाच्या नजरेपलीकडे गेली.