हिरादेवीच्या कोठडीतला दिवा

हिरादेवीने मातीचं मडकं टेबलावर आपटलं, तसं आंबूस पाणी उडून तीर्थच्या सदऱ्यावर पडलं.

"ह्याला दही म्हणायचं? भक्तपुरात माझ्या दह्याला नाव ठेवणारा अजून जन्मला नाही! आणि आठ दिवस झाले, एकही मडकं नीट लागत नाही. परवा सुवालांच्या लग्नाला चाळीस द्यायचीत."

"संशय कुणावर?" ज्ञानीमायाने हलक्या आवाजात विचारलं. दत्तात्रय चौकामागे तिची चौकशीची छोटी कचेरी होती. दूरचा भाऊ तीर्थ तिला मदत करी.

"सुनेवर! मंसिर महिन्यात लग्न होऊन आली, दोन महिने होत आले. परवा दही लागलं नाही, तर तिला माहेरी पोचवणार."

"चेटूकच, दिदी," तीर्थ कुजबुजला.

"आधी सदरा पूस," ज्ञानीमाया म्हणाली.

हिरादेवीच्या घरी तळमजल्यावर दह्याची कोठडी होती. कमरेएवढी बुटकी, लाकडी छताची. आत भाताच्या तुसावर मडकी, त्यांवर गोधड्या. मधोमध बल्ब लटकत होता.

"हा कशाला?"

"सासूबाईंचा नेम. रात्रभर इथं दिवा तेवता ठेवायचा, देवीसाठी. दार सकाळीच उघडायचं. तीस वर्षांत एकदा चुकले नाही."

"दुधात पाणी असेल," तीर्थने सुचवलं.

"तोच गवळी शेजारी दूध घालतो. त्यांचं लागतं!"

हिरादेवीचे यजमान पूर्णबहादुर खुशीत होते. "गेल्या आठवड्यात माघे संक्रांतीला घरातले अकराच्या अकरा बल्ब बदलले, बहिनी," ते ज्ञानीमायाला बहीण मानून म्हणाले. "वीज वाचवणारे! उजेड दुप्पट, बिल निम्मं. जुने टोपलीत ठेवलेत."

सून अंजिला डोळे पुसत उभी होती. ज्ञानीमायाने कोठडीच्या छतावरून मांजराचे केस उचलले.

"मांजर कुठाय?"

"त्याची जागा हीच, दिदी," अंजिला म्हणाली. "पण हल्ली वर स्वयंपाकघरात चुलीपाशी असतं. घरापुरती एक वाटी मी तिथंच विरजते."

"ती लागते?"

"सुरीनं कापावी अशी."

"बघा! स्वतःची बरी लागते," हिरादेवी फणकारली.

ज्ञानीमाया हसली. तिने टोपलीतला एक जुना बल्ब कोठडीत लावायला सांगितला. "आज विरजण अंजिलाच लावील. बाकी सगळा नेम तुमचाच. आम्ही सकाळी येतो."

सकाळी सगळे कोठडीपुढे जमले. छतावर मांजर गाढ झोपलेलं होतं. ज्ञानीमायाने मडकं बाहेर काढलं, थेट तीर्थच्या डोक्यावर नेलं आणि उलटं केलं.

"दिदी, अगं, हा धुतलेला सदरा!" तीर्थने डोळे मिटले. थेंबसुद्धा पडला नाही.

"सून आली मंसिरात, दही बिघडलं माघात," ज्ञानीमाया म्हणाली. "मधला दीड महिना तिचा पायगुण काय झोपला होता? तिच्याच हातचं, त्याच दुधाचं दही चुलीपाशी लागत होतं. म्हणजे हात चांगला, दूधही चांगलं. खोट जागेत. ते मांजराला आधी कळलं. ऊब गेली, तशी त्याने जागा सोडली."

"पण दिवा तर रोज होता!" हिरादेवी म्हणाली.

"उजेड होता. जुना बल्ब विजेची ऊबच जास्त करायचा, नवा वीज तशी वाया घालवत नाही. घरभर नवेच राहू द्या, पूर्णबहादुर दाजूंनी शहाणपणच केलंय. पण तुमच्या सासूबाईंना थंडीत ह्या कोठडीला ऊब हवी होती. देवीचं नाव घेतलं म्हणून तर तुम्ही तीस वर्षं दिवा विझू दिला नाहीत."

पूर्णबहादुर डोकं खाजवू लागले. हिरादेवीने मडक्यात बोट बुडवलं आणि अंजिलाच्या कपाळावर दह्याचा टिळा लावला. सगुनाला, शुभ कामाच्या वेळी लावतात, तसा.

"चल, बुहारी," ती सुनेला म्हणाली. "चाळीस मडक्यांना विरजण लावायचंय. हात तुझाच लागेल."